हसू काही फोटोत येईना

या, असे जवळ या. मागे भिंतीला पाठ टेकून बसलेल्यांनीही थोडं पुढे सरकावं, लांबून ऐकलेली गोष्ट अर्धी वाऱ्यावर जाते. कुणाला डुलकी आलीच तर खुशाल घ्यावी. देवाच्या दारात जांभईलाही मज्जाव नाही. फक्त हसायची जागा आली की शेजाऱ्यानं त्याला कोपरानं ढोसावं, कारण आजची गोष्टच मुळी एका हसण्याची आहे. ते हसू पकडायला एक भला माणूस उभा जन्म कॅमेऱ्यामागून कॅमेरे घेत सुटला. तुम्ही घरी जाताना रिकाम्या हातानं जाणार नाही, एवढं वचन देतो आणि सुरुवात करतो.

हा माणूस टेलर होता. सगळं गाव त्याला मास्तर म्हणे. रस्त्यालगत त्यांचं लांबोळकं दुकान होतं. दर्शनी काचेआड कोट घातलेला एक बाईचा पुतळा, मध्ये कापायचं मोठं टेबल, त्यावर खडूची भुकटी आणि भिंतीला इस्त्रीच्या वाफेनं पडलेले पिवळे ढग. गळ्यात टेप नसलेले मास्तर त्यांच्या आईनं तेवढे पाहिले असतील. खिडकीपाशी बायकोची खुर्ची. काजं करणं, बटणं लावणं, तुरपाई, हे सगळं तिच्याकडे.

आणि मंडळी, ही बाई हसायची. तशी सगळीच माणसं हसतात, पण हिच्या हसण्यापायीच तर लग्न जमलेलं. मुलगी असताना आईबरोबर कोट शिवायला आली होती. मास्तरांनी माप घ्यायला टेप काखेखालून नेला, तिला गुदगुल्या झाल्या आणि ती अशी काही हसली, की मास्तरांनी कमरेचं माप बाहीच्या नावावर टाकलं. कोट तयार झाला तेव्हा एकेका बाहीत एकेक माणूस राहायला गेलं असतं. ती भांडायला म्हणून आली, कोट अंगात घातला, आरशात पाहिलं आणि पुन्हा हसली. मग काय, बाह्या उसवल्या आणि संसार शिवला.

आता कॅमेरा कुठून आला, तेही ऐका. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिची आई गेली. मागे उरला तो एकुलता एक फोटो. त्यातली बाई ताठ, ओठ मिटलेले, डोळे वटारलेले, जणू कुणाला तरी दंड ठोठावते आहे. बायको तो फोटो हातात घेऊन बसली होती. म्हणाली,

"अहो, ही माझी आई नाही."

"अगं, असं काय बोलतेस?"

"नाहीच. आई हसायची. मी तिच्यावरच गेलेय. ही कुठली तरी परकी बाई आहे आणि आता जन्मभर हिलाच आई म्हणायचं."

मास्तरांच्या काळजात टाचणी रुतली. पाळण्यात त्यांची लेक झोपली होती. तिच्याकडे पाहून ते मनाशी म्हणाले, देवा, हिच्या हाती असली परकी आई यायला नको. हिच्या आईचा एक तरी हसरा फोटो मी काढीन, अस्सल, जशी आहे तशी. बस्स. त्यांना दुसरं व्यसन नव्हतं, दुसरी हौस नव्हती. पण एवढी एक गाठ मारली ती मारली.

चौकातल्या स्टुडिओवाल्यानं त्यांना पहिला कॅमेरा दिला. तो म्हणजे काळी पेटी. पुढे एक भोक आणि बाजूला एक खटका. "मास्तर, याच्यात चुकायला काही जागाच नाही," स्टुडिओवाला म्हणाला. मास्तरांनी जागा शोधून काढली.

त्यांनी बायकोला दुकानासमोर उन्हात उभं केलं. गळ्यातला टेप सावरला आणि म्हणाले, "सरळ उभी राहा. हात खाली. खांदे सैल. समोर बघ. श्वास रोखू नकोस." पुढे होऊन तिची कॉलर नीट केली, बाहीवरचा दोरा काढला, एक चुणी तळहातानं सारखी केली. मग खटका दाबला. तेवढ्यात एक जाडजूड गिऱ्हाईक आलं. भरघोस मिशांचे, हौशी गृहस्थ. "माझाही काढा की!" मास्तरांनी काढला. पण मधे फिल्म पुढे सरकवायची असते, हे आनंदाच्या भरात विसरले.

फोटो धुऊन आला. बायकोच्या चेहऱ्यावर मिशा, मिशांवर बायकोच्या केसांची वेणी आणि खाली दोघांचं मिळून एक पोट. बायको खुर्चीवर आडवी होऊन हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मास्तर पेटी घेऊन धावले, "सरळ बस, सरळ बस!" आणि ती सरळ बसली. बसली ती अशी, की तिच्या आईनं फोटोतून ओळख दिली असती.

"कॅमेऱ्याचा दोष," मास्तर म्हणाले. "हलक्या प्रतीचा आहे."

स्टुडिओवाल्यानं मान डोलावली आणि फळीवरून दुसरा काढला. या कॅमेऱ्याला एकावर एक असे दोन डोळे होते. तो पोटाशी धरायचा, वरून आत वाकून बघायचं आणि आतल्या काचेवर जग उजवं-डावं उलटं होऊन दिसायचं. मास्तर वाकले.

"डावीकडे सरक. अगं, डावीकडे! ही कुठे चाललीस?"

"डावीकडेच चाललेय. ही भिंत आली. आता भिंतीत शिरू?"

"काचेत तू उजवीकडे जातेयस!"

"मग काचेतलीला सांगा ना, मला कशाला ओरडता!" आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पण एक बरं आहे हं या कॅमेऱ्याचं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्यापुढे मान खाली घालून उभे राहिलात."

रस्त्यावरची माणसं हसली, तीही हसायला लागली, आणि मास्तरांनी वर न बघता हुकूम सोडला, "सरळ उभी राहा! हात खाली!" हसू विझलं. खटका दाबला गेला. फोटो आला तो फार सुरेख, अगदी कडक इस्त्रीचा. त्यातली बाई दंड ठोठावून आता वसुलीला निघालेली.

पुढे तिसरा. हा डोळ्याला लावायचा, भिंग फिरवून नजर नेमकी बसवायची. मास्तरांना वाटलं, आता जिंकलो. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला नेमकेपणा कुणी शिकवावा? त्यांनी भिंग फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि टेलरची नजर जिथे जायची तिथे गेली. फोटोत बायकोच्या छातीवरचं वरचं काज इतकं स्वच्छ आलं की टाका न् टाका वेगळा दिसे. त्याच्या वर कुठेतरी धुक्यात एक चेहरा होता.

स्टुडिओवाल्यानं फोटो उजेडाकडे धरला. "काज उत्तम आलंय."

"तिनंच केलंय," मास्तर अभिमानानं म्हणाले आणि मग त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

अशी वर्षं गेली. लखलखाट करणारा दिवा आला. त्यात बायकोचे डोळे लाल आले, आणि शेजारी उभ्या लेकीनं भोकाड पसरलं. आपोआप फोटो बाहेर टाकणारा कॅमेरा आला. त्यातून ओला फोटो सरकत बाहेर यायचा, मास्तर त्यावर फुंकर घालायचे, आणि हळूहळू धुरकटातून पुन्हा तीच ताठ बाई प्रकट व्हायची, भुतासारखी. लेक मोठी झाली, शिकायला परगावी गेली, मास्तरांना चष्मा लागला. प्रत्येक नवा कॅमेरा घरी आला की बायको सुईतून मान वर न करता म्हणायची, "आली का सवत? बसा म्हणावं. मागच्या साऱ्या जणी कपाटात आहेतच."

"हिचं भिंग बघ तरी."

"भिंगाला काय धुऊन प्यायचंय? नाचता येईना, अंगण वाकडं. तुम्ही तर अंगणं विकत घेताय."

 मास्तर तिला काय सांगणार? तिच्या आईचा फोटो अजून भिंतीवर होता आणि इकडे आरशाशेजारी तिचेच फोटो वाढत होते, एकीला झाकावं न् दुसरीला काढावं असे. लेक सुट्टीत यायची तेव्हा त्या भिंतीकडे बघायचीसुद्धा नाही. मास्तरांना तेच खुपायचं. एखाद्या दिवशी आपण दोघंही नसू, आणि ही पोर भिंतीपाशी उभी राहून म्हणेल, ही कोण?

मग एक दिवस स्टुडिओवाल्यानं मास्तरांना हाक मारून बोलावलं. त्याचा आवाज असा, जणू देवाचा प्रसाद एकट्या मास्तरांसाठी बाजूला ठेवलाय. "मास्तर, यात फिल्म नाही. आणि हा नुसता कॅमेरा नाही. याला हसणं कळतं. समोरचं माणूस हसलं की हा स्वतःच फोटो काढतो. तुम्ही फक्त ठेवून द्यायचा."

मास्तर कॅमेरा घेऊन तडक दुकानात आले. त्यांनी तो कॅमेरा कापायच्या टेबलावर दोऱ्याच्या रिळांच्या चवडीवर ठेवला, तोंड बायकोच्या खुर्चीकडे. "सरळ बस," ते म्हणाले, "खांदे सैल. समोर बघ. आणि हस."

"कशावर?"

"तुझ्या मनानं."

"मनात आत्ता पांढरी बटणं संपल्याचं आहे."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग अचानक, खटक्. मास्तर उडाले. "हसलीस?" "नाही बाई." पुन्हा खटक्. पुन्हा खटक्, खटक्. बायको दातात दोरा धरून बसलेली, भुवया आवळलेल्या. आणि कॅमेरा आपला आनंदानं टिपतोय. मास्तरांनी धावत जाऊन पाहिलं. खुर्चीच्या मागे दर्शनी काचेतला पुतळा उभा होता, कोट बदलताना तोंड दुकानाकडे वळून राहिलेला, लाल ओठांनी वर्षानुवर्षं हसणारा. कॅमेऱ्याला हसणारं माणूस सापडलं होतं. प्रत्येक फोटोत पुतळा लख्ख आणि खाली कोपऱ्यात बायकोच्या केसांचा भांग.

बायकोनं कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं. "किती गोड हसतेय हो! शिवाय जेवायला मागत नाही. हिच्याशीच संसार करा आता." आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना. भिंतीला धरून हसली, टेबलाला धरून हसली. आणि तो हसणं कळणारा कॅमेरा? मास्तर तो छातीशी उलटा धरून, बोट खटक्यावर दाबून उभे. त्यांच्या शर्टच्या खिशाचे, एकामागून एक, काळेकुट्ट फोटो.

मंडळी, यानंतर मास्तर खचले. कुणाला सांगितलं नाही, पण कॅमेरा कपाटात ठेवला तो दार ओढून घेऊन. बायकोच्याही ते लक्षात आलं. तिनं त्या दिवसानंतर सवतीचा विनोद केला नाही.

लेक सुट्टीला आली होती. नोकरी लागलेली, हातात फोन. दुपारी ती वडिलांना मदत म्हणून इस्त्री करत होती. मास्तर टेबलावर कापड पसरून खडूनं रेघा मारत होते. लेकीला काय वाटलं कोण जाणे. म्हणाली, "आई, बाबांचा एक फोटो काढ ना. मला माझ्या खोलीत लावायचाय. माझ्या हातात इस्त्री आहे. तो फोन घे, त्या गोलावर बोट ठेव, झालं."

बायकोनं फोन उचलला. आयुष्यात कधी कॅमेरा हातात न घेतलेली बाई. तिनं तो डोळ्यांसमोर धरला आणि तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं,

"सरळ उभे राहा. हात खाली. खांदे सैल. समोर बघा. श्वास रोखू नका."

एवढ्यावर थांबली नाही. पुढे आली, मास्तरांची कॉलर खेचली, खडू झटकला, खांद्यावरची चुणी तळहातानं सारखी केली. मग मागे गेली. मास्तर उभे राहिले. त्यांना आपले हात म्हणजे दोन हँगरच वाटायला लागले. जीभ टाळ्याला चिकटली. श्वास रोखू नका म्हटल्याबरोबर श्वास कसा घेतात तेच आठवेना.

खटक्.

लेकीनं इस्त्री बाजूला ठेवून फोटो पाहिला आणि फिस्सकन हसली. मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. फोनमध्ये एक इसम कुणाला तरी दंड ठोठावत होता.

"हा मी?"

"बाबा, तुमच्या फोटोंत आम्ही सगळेच असे दिसतो," लेक म्हणाली. "माझे शाळेतले बघा. मिशीवाल्या काकांचा बघा. लहानपणी मला वाटायचं, बाबा फोटो काढत नाहीत, मापं घेतात."

मास्तर टेबलाला टेकले. खरंच होतं. माप घेताना माणूस सरळ उभं करायचं, हात खाली घ्यायला लावायचे, चुणी काढायची. त्याशिवाय कपडा नीट बसत नाही. जन्मभर तेच केलं. समोर माणूस आला की तोंडातून तेच शब्द, मग हातात टेप असो नाहीतर कॅमेरा. त्यांना आठवलं, त्या सगळ्या खटक्यांच्या क्षणभर आधी ती हसत होती. प्रत्येक वेळी हसत होती! आणि प्रत्येक वेळी यांनीच ते हसू इस्त्री मारून सपाट केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही कळसे विकत घेत घेत. देवाला म्हणे साऱ्या जगाचं सारं दिसतं, पण बघायच्या आधी त्यानं कुणाला सरळ उभं राहायला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

चप्पल घालून ते तडक स्टुडिओवाल्याकडे गेले.

"तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"की कॅमेऱ्यात दोष नव्हता. मीच माणसाला लाकूड करतो."

"पहिल्या रोलपासून," स्टुडिओवाला शांतपणे म्हणाला.

"मग बोलला का नाहीस, लेका?"

स्टुडिओवाला काउंटरमागून बाहेर आला आणि त्यानं बोटानं खाली दाखवलं. त्याची पँट घोट्याच्या वर चांगली चार बोटं संपत होती. "तुम्ही माझी पँट पहिल्यापासून आखूड शिवता. मी कधी बोललो? म्हटलं, माणूस मनापासून करतोय, कशाला मोडता घालायचा."

मास्तर त्या पँटकडे बघत राहिले. मग दोघंही म्हातारे काउंटरला धरून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी लेकीचा फोन मागून घेतला. बायको खिडकीपाशी काजं करत होती. मास्तर समोर उभे राहिले, डाव्या हातात फोन धरला आणि मनाशी पक्कं केलं: जीभ टाळ्याला चिकटली तरी बेहत्तर, एक शब्द बोलायचा नाही. कॉलरला हात लावायचा नाही. तिची कॉलर एका बाजूनं दुमडलेली होती. मास्तरांचा उजवा हात वळवळला. त्यांनी तो छातीशी घट्ट दाबून धरला. मानेपाशी एक दोरा लोंबत होता. त्यांनी डोळा मिटला. कपाळाला घाम आला.

बायकोनं मान वर केली. वाट पाहिली. काहीच नाही.

"काढायचाय ना?"

मास्तर गप्प.

"मग सरळ बसू का?"

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले.

"अहो? काय झालं? बोलत का नाही?" तिनं काम खाली ठेवलं. "घाम कसला आलाय हा? हात असा का धरलाय? छातीत दुखतंय का? अगं ए, बाबांना बघ गं! अहो, बोला ना काहीतरी!" आणि ती उठली, खुर्ची मागे पडली, ती हात पुढे करून त्यांच्याकडे धावली.

खटक्.

फोटोत अर्धी जागा तिच्या हातानं व्यापलेली, बोटात सुईपासून जपणारं अंगुस्तान, आणि हात हललेला. जमीन तिरकी. कॉलर दुमडलेली, दोरा लोंबतोय, तोंड उघडं. टेलर म्हणून पाहिलं तर त्यात एकही शिलाई सरळ नव्हती. आणि त्या सगळ्यावर तिचे डोळे. मास्तरांकडे बघणारे, मास्तरांसाठी घाबरलेले, दुसरीकडे कुठेही न बघणारे.

लेक धावत आली होती. तिनं वडिलांच्या खांद्यावरून पाहिलं आणि लगेच म्हणाली, "ही आई."

 पडलेली खुर्ची उभी करून मास्तर तीवर बसले.

"मला काही झालं नाही गं," ते बायकोला म्हणाले. "मी फक्त गप्प बसलो होतो. तुला सरळ बस म्हणायचं नाही, असं ठरवलं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि त्याला एवढा घाम?"

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे, एकदा आपल्या दुमडलेल्या कॉलरकडे. आणि तिला हसू आलं. लेकीनं डोळ्यांनी खुणावलं, बाबा, फोन! मास्तरांच्या हातातच होता. पण त्यांनी तो टेबलावर पालथा घातला, कारण तेही हसत होते, आणि फोन धरून असं हसता येत नाही.

तेव्हा मंडळी, भिंतीवर आता तो तिरका फोटो आहे आणि लेकीच्या खोलीतही आहे. पण ते हसू कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. ते आधी खांद्यांत येई, मग नाक आक्रसे, डोळे दिसेनासे होत. ती तोंडावर हात धरी, तरी हसू बोटांच्या फटींतून निसटून खोलीभर होई. शेवटी ती म्हणे, "पुरे हो, पोट दुखलं," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपापल्या वाटेनं जाताना, कधीतरी बटण लावताना, आपल्या देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या काजं करणाऱ्या बाईला तशी आठवा, जशी ती होती.